जुनी ओम्नी, सर्व्हिस मॅन्युअल आणि मेस्त्री: ऐकायचं कोणाचं?

रोपवाटिका_फलटण

नमस्कार मंडळी.

फलटणजवळ आमची रोपवाटिका आहे आणि रोपं पोचवायला १९९६ ची मारुती ओम्नी आहे. कार्बोरेटरवाली, फक्त पेट्रोलवर चालणारी. वडिलांनी घेतलेली गाडी. आरसीचं नूतनीकरण झालंय, ग्रीन टॅक्स भरलाय, बॉडीचा पत्रा ठीक आहे. मला ती टिकवायची आहे.

दुखणं असं, की सपाटीला काही तक्रार नाही, पण पुण्याहून परत येताना दिवे घाट चढायला लागलं की तापमानाचा काटा वर सरकतो. शिवाय पिकअप पडलाय आणि पेट्रोल जास्त लागतंय.

बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या रद्दीत या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं. इंग्रजी आहे, पानांवर तेलाचे ठसे आहेत, पण एकही पान गेलेलं नाही. ते वाचायला लागलो आणि गोंधळ वाढला. पुस्तक म्हणतं टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांतली फट) फिलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पात्यांनी, मोजा: इंजिन थंड असेल तर ०.१३ ते ०.१८ मिमी, गरम असेल तर ०.२३ ते ०.२८. आमचे मेस्त्री इंजिन चालू ठेवून कानाने सेट करतात. पुस्तकात थर्मोस्टॅट आहे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. आमच्या गाडीत तो नाहीच, मेस्त्रींनी केव्हाच काढून टाकला. विचारलं तर म्हणाले, "आपल्या हवेत लागत नाही."

मेस्त्री माणूस चांगला आहे, रात्री-अपरात्री धावून येतो. त्याला दुखवायचं नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्यांनी तरी उगाच आकडे का छापले असतील? यातली कोणती कामं घरी करता येतील आणि जिथे पुस्तक आणि मेस्त्री वेगळं सांगतात तिथे काय धरायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पक्कड_पाना

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे ९८ ची आहे, सेम दुखणं. इथेच बसतो.

निदेशक_आयटीआय

मोटर मेकॅनिक ट्रेडला शिकवतो. टॅपेटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पिकअप आणि तापणं या दोन्हीशी त्याचा संबंध असू शकतो.

कानाने सेट करणारा माणूस आवाज कमी करत नेतो. टॅपेट वाजलं की गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून स्क्रू थोडा जास्त आवळला जातो. आवाज जातो, सगळे खूश. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः बंद असताना सीटला (व्हॉल्व्ह ज्या कड्यावर बसतो त्याला) टेकून. गॅप उरली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि व्हॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही. मग कॉम्प्रेशन गळतं, कडा जळते, आणि इंजिन मात्र छान गप्प असतं. बारीक टिकटिक करणारं टॅपेट परवडलं, एकदम गप्प झालेलं नाही.

घरी करण्यासारखं काम आहे. गाडी रात्रभर उभी असू द्या. पुढची सीट उचला, इंजिन तिथेच खाली आहे. टॅपेट कव्हर काढा आणि आधी प्लग काढून घ्या, म्हणजे इंजिन हाताने पान्यावर सहज फिरतं. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. त्याचे दोन्ही रॉकर हाताला किंचित हलले पाहिजेत. एक जरी ताठ असेल तर तुम्ही एक पूर्ण फेरा चुकीच्या जागी आहात. पहिल्याचे दोन व्हॉल्व्ह झाले की क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) २४० अंश फिरवा, तिसरा सिलिंडर येतो. आणखी २४० अंश, दुसरा. फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, तीन सिलिंडर बसवायचे आहेत, म्हणून २४०.

०.१५ ची पाती घ्या. ती ओढताना बोटांना हलकी पकड जाणवली पाहिजे. अडकायला नको आणि सैल घसरायलाही नको. आता खरी मेख: लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर जरासा फिरतो. म्हणून स्क्रू पेचकसाने धरून नट आवळायचा आणि आवळून झाल्यावर पाती परत घालून बघायची. नवी मुलं नेमकं हे दुसऱ्यांदा मोजणं सोडतात.

मिरजेचा_मेस्त्री

मी गॅरेज चालवतो. हल्ली मोबाईलवर पीडीएफ घेऊन येणारी गिऱ्हाइकं बरीच आहेत, राग नाही, पण आमची बाजू पण ऐका.

थर्मोस्टॅट आम्ही अडाणी म्हणून काढत नाही. बाजारात डुप्लिकेट माल इतका आला की नवा बसवलेला पण बंद अवस्थेत अडकतो. तो अडकला की पाणी फिरत नाही, दहा मिनिटांत हेड (सिलिंडरवरचं झाकण) उडतं. काढलेला थर्मोस्टॅट फार तर पेट्रोल खातो. ज्याला उद्या सकाळी भाजी घेऊन मार्केटला जायचंय त्याला मी कोणता धोका देऊ?

दुसरं. पुस्तक नव्या इंजिनाचं आहे. तुमच्या इंजिनाचं आतापर्यंत काय काय झालंय हे पुस्तकाला माहीत नाही. बोअर होऊन ओव्हरसाइज पिस्टन पडलेत का? ०.२५ चा की ०.५० चा? हेड किती वेळा घासलं? डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) कुठल्या गाडीचा बसवलाय? हे सगळं आमच्या डोक्यात असतं. पुस्तक उघडून आकडा दाखवणं सोपं आहे हो.

निदेशक_आयटीआय

मेस्त्री, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून तर मोजायचं. पुस्तकाच्या आकड्याशेजारी गाडीचा आकडा ठेवल्याशिवाय गाडीत काय झालंय ते कळणार कसं? हेडवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज घालून बघा, मर्यादा ०.०५ मिमी दिलेली आहे. तेवढं वाकलेलं हेड नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल मात्र असहमत. डुप्लिकेट माल ही अडचण खरी, पण बसवण्याआधी तपासता येतो. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. दोन्ही तळाला टेकू द्यायचे नाहीत. किती अंशांना उघडतो ते त्याच्यावरच कोरलेलं असतं. ८२ चा असेल तर ८२ च्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. पाणी थंड झालं की परत घट्ट मिटला पाहिजे. मिटला नाही तर दुकानदाराला परत.

मिरजेचा_मेस्त्री

पातेल्याची टेस्ट आम्ही पण करायचो. आता गिऱ्हाईक दारात उभं असतं, अर्ध्या तासात गाडी पाहिजे. पण घरी करणाऱ्याने जरूर करावी.

शेवगा_शेंग

घरातलं पातेलं वापरणार असाल तर आधी गृहमंत्र्यांची परवानगी घ्या. आमच्याकडे ते पातेलं आता कायमचं गॅरेजखात्यात जमा आहे.

मृण्मयी_स

फलटणकर, तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. आमची ओम्नी एलपीजीवर चालते, अधिकृत किट, आरसीवर नोंद असलेलं. गाडी मीच बघते.

आमच्या मेस्त्रीकाकांना इंग्रजी वाचायची सवय नाही, पण आकृत्या ते माझ्यापेक्षा भराभर वाचतात. मी शेजारी स्टूल टाकून बसते आणि पान मोठ्याने मराठीत सांगत जाते. ते हाताने करतात. सुरुवातीला त्यांना अवघडल्यासारखं झालं. आता तेच विचारतात, "ताई, पुस्तकात काय दिलंय बघा बरं." एकदा कार्बोरेटरच्या पाइपांवरून ते अडले होते, कुठली नळी कुठल्या तोंडाला. पानावर रेखाचित्र होतं, दोन मिनिटांत काम झालं. आणि एकदा पुस्तकात सांगितलेला स्पेशल पुलर आमच्याकडे नव्हता, तेव्हा काकांनी दोन बोल्ट आणि एका पट्टीवर तो भाग असा अलगद काढला की बघत राहावं.

पण मुख्य सांगायचंय ते वहीबद्दल. टॅपेट सेट करण्याआधी, म्हणजे स्क्रूला हात लावण्याआधी, सहाही गॅप मोजून लिहायच्या. तारीख, किलोमीटर, आधीची गॅप, नंतरची गॅप. आमच्या वहीत दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट दर वेळी कमी झालेला दिसायला लागला. बाकीचे पाच जागच्या जागी. सीट खाली बसत चालली होती. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात असं होतं, गॅस कोरडा जळतो आणि एक्झॉस्टच्या सीटवर ताण येतो. व्हॉल्व्ह जळायच्या आत हेड उतरवून सीट बदलली. नुसतं "टॅपेट सेट केले" असं बिलावर लिहिलेलं असतं तर हे कळायला मार्ग नव्हता.

कुर्ला_ते_कराड

मृण्मयीताई, वहीची कल्पना झकास. माझे वडीलही अशी वही ठेवायचे, त्यात पेट्रोलचा भावही लिहिलेला असायचा.

जरा जुनी आठवण. १९८४ मध्ये मारुती व्हॅन आली (ओम्नी हे नाव ८८ मध्ये मिळालं) तेव्हा आमच्याकडचे मेस्त्री तयार झालेले होते फियाट-ॲम्बेसेडरवर. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, पुशरॉडचं, आत टायमिंग चेन. कुर्ल्याला बनायची ती, आमच्या घरापासून जवळच. त्या मेस्त्रींसमोर एकदम हे ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, तो फिरवायला रबरी दात्यांचा पट्टा, हेड ॲल्युमिनियमचं. ॲम्बेसेडरच्या लोखंडी हेडावर आयुष्य गेलेला हात ॲल्युमिनियममध्ये प्लग त्याच जोराने आवळायचा आणि आटे निघून यायचे. त्या काळात ज्यांनी पुस्तकं वाचली, कंपनीचं ट्रेनिंग घेतलं, त्यांची गॅरेजं नावारूपाला आली. तेव्हा मेस्त्री विरुद्ध पुस्तक हे भांडण मला पटतच नाही. चांगल्या मेस्त्रीच्या टेबलाच्या खणात पुस्तक असायचंच.

निदेशक_आयटीआय

कुर्ला_ते_कराड, प्लगचं बरं आठवलंत. त्यावरून टॉर्कचं सांगतो. जुन्या पुस्तकांत टॉर्क किलो-मीटरमध्ये असतो, आजचा टॉर्क रेंच न्यूटन-मीटर किंवा फूट-पाउंड दाखवतो. १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ७.२ फूट-पाउंड. प्लगला २ ते ३ किलो-मीटर दिलंय, म्हणजे २० ते ३० न्यूटन-मीटर. हाच आकडा कोणी फूट-पाउंडच्या रेंचवर २० ते ३० लावला तर थेट ४० न्यूटन-मीटरपर्यंत जाईल आणि आटे गेलेच म्हणून समजा. आकडा वाचला की आधी त्याच्यापुढचं एकक वाचा.

हेड बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेर जायचं, आणि एका दमात पूर्ण आवळायचे नाहीत, टप्प्याटप्प्याने. क्रमाची आकृती पुस्तकात आहे. उलट, हेड काढताना बाहेरून आत. आणि इंजिन पूर्ण थंड असताना.

मिरजेचा_मेस्त्री

हाताचा अंदाज वर्षानुवर्षांचा असतो, तो चुकत नाही.

निदेशक_आयटीआय

मेस्त्री, एकदा हाताने आवळून मग रेंच लावून बघा. आमच्याकडे मुलांना हेच करायला लावतो. ज्यांचा हात खरंच तयार आहे त्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात, पण थकलेल्या संध्याकाळी तेच हात वेगळं आवळतात. माझेसुद्धा.

मिरजेचा_मेस्त्री

हे मात्र करून बघतो.

ट्रॅक्स_तात्या

ओम्नीवाल्यांच्या पंगतीत डिझेलवाला येऊन बसतो. माझ्याकडे जुनी टेम्पो ट्रॅक्स आहे, आकुर्डीची, बजाज टेम्पोच्या काळातली. (२००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं.) हिच्यात मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन आहे, २.४ लिटर, चार सिलिंडर, परवान्याखाली इथे बनलेलं. ट्रॅव्हलरमध्येही तेच.

मला गाडीचं मॅन्युअल कुठेच मिळत नव्हतं. मग लक्षात आलं की हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होतं. त्या गाडीवर जगभर ढिगाने लिहिलं गेलंय. तिच्या पुस्तकातला इंजिनाचा भाग माझ्या ट्रॅक्सला जवळपास तसाच लागू पडला. टॅपेट थंड इंजिनावर इनटेक ०.१०, एक्झॉस्ट ०.३०. एकाच इंजिनात तिपटीचा फरक! इथे कोणी दोन्ही सारखे कानाने लावले तर काय होईल ते निदेशक सरांनी वर लिहिलंच आहे. शिवाय हे सेट करायला १४ चे वाकडे, पातळ पाने लागतात, साधा पाना आत शिरत नाही. मी लोहाराकडून दोन साधे पाने तापवून वाकवून घेतले.

ग्लो प्लगचंही (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) तसंच. जुन्या वेटोळ्याच्या तारेच्या प्रकारात चारही प्लग सिरीजमध्ये असतात. एक जळला की चारही बंद. थंडीत गाडी सुरू होईना म्हणून बॅटरी बदलली, स्टार्टर उतरवला, आणि कारण होतं एक प्लग. वायरिंगची आकृती बघितल्यावर टेस्ट लॅम्प घेऊन एकेक तपासला, झालं काम.

म्हणून ज्यांना आपल्या गाडीचं पुस्तक मिळत नाही त्यांनी आपलं इंजिन आणखी कुठल्या गाडीत होतं ते शोधावं. ओम्नी आणि मारुती ८०० एकाच घरची लेकरं, दोघींत एफ ८ बी इंजिन. बसवलंय वेगळं, ८०० मध्ये आडवं आणि ओम्नीत उभं, पण आतलं बरंचसं सारखं.

नवी_कोरी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा ईको घ्या की. १२०० सीसी, इंजेक्शन, वॉरंटी. वीस-तीस वर्षांची गाडी म्हणजे हौस.

रोपवाटिका_फलटण

नवी_कोरी, हप्ते भरण्याएवढा धंदा सध्या नाही. आणि ओम्नीचा सरकता दरवाजा, सपाट तळ, आंब्याची कलमं उभी राहतात. २०१९ ला बंद झाली नसती तर कदाचित नवीच घेतली असती.

सगळ्यांचे आभार. बरंच शिकायला मिळतंय. या रविवारी टॅपेट उघडतो.

संपादक_मंडळ

एक सूचना. काही सदस्यांनी मॅन्युअलच्या पीडीएफच्या लिंक दिल्या होत्या, त्या काढल्या आहेत. मजकुराचे हक्क कंपनीचे आहेत. आकडे, अनुभव, स्वतः काढलेले फोटो जरूर द्या. आकडा देताना गाडीचं साल आणि इंजिनाचा प्रकार लिहावा, कार्बोरेटर आणि एमपीआय (इंजेक्शन) यांत फरक आहे.

रसायन_रत्नागिरी

अवांतर वाटेल, पण नाही. पेट्रोलबद्दल कोणीच बोललेलं नाही.

आता पंपावर ई-२० मिळतं, २० टक्के इथेनॉल. ९६ ची गाडी बनली तेव्हा याचा विचारच नव्हता. पेट्रोल जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर ती मिश्रण सुधारून घेते. कार्बोरेटरच्या जेटला काय कळणार? तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो, म्हणजे मिश्रण थोडं लीन होतं, हवा जास्त आणि इंधन कमी. आधीच लीन असलेल्या गाडीला घाटात हे जाणवू शकतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रबर. जुन्या पेट्रोल नळ्या, मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरमधले रबरी भाग इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. आणि ओम्नीत हे सगळं कुठे आहे? सीटच्या खाली, गरम इंजिनाच्या शेजारी. मॅन्युअलमध्ये "नळ्या तपासा" एवढंच आहे, कारण ते लिहिलं तेव्हा साधं पेट्रोल होतं. तिथे पुस्तकाच्या पुढे जायला हवं. सगळ्या पेट्रोल नळ्या बदलून इथेनॉलला चालणाऱ्या घाला. नळीवर एसएई ३० आर ९ असा शिक्का बघून घ्या. क्लिपाही नव्या. सीट उचलल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी हलवायचीच नाही.

पक्कड_पाना

रसायनभाऊ, हे वाचून आत्ता जाऊन नळी दाबून बघितली. बिस्किटासारखी कडक. उद्याच बदलतो. धागा वसूल.

मिरजेचा_मेस्त्री

नळीचं बरोबर आहे. हल्ली कार्बोरेटरच्या गाड्यांत हेच काम जास्त येतंय.

मिश्रणाबद्दल एक सोपी गोष्ट सांगतो. पीयूसी काढता तेव्हा कागदावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) छापलेला असतो. २००० च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) ३ टक्क्यांपर्यंत चालतो. पास झालं की लोक कागद घडी घालून ठेवतात. आकडा वाचा. अगदी कमी आला आणि आयडल अडखळत असेल तर मिश्रण लीन, मर्यादेला टेकला तर रिच. पीयूसीवाला ओळखीचा असेल तर नळकांडं लावूनच आयडलचा स्क्रू फिरवून घ्या. पुस्तकात पण गॅस ॲनालायझर लावूनच करायला सांगितलंय. आयडलपुरतंच हे, घाटात मेन जेट चालतो, ते वेगळं.

निदेशक_आयटीआय

मेस्त्री, उत्तम. हे मुलांना सांगणार.

रोपवाटिका_फलटण

मंडळी, अहवाल देतो.

मेस्त्रींना बोलावलं, पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं आणि मृण्मयीताईंसारखं वाचून दाखवत गेलो. आधी जरा गप्प होते. टॅपेट कव्हर निघाल्यावर फिलर गेज त्यांच्याच हातात दिला. इनटेक तिन्ही ०.१० च्या आसपास. एक्झॉस्टला पहिल्या आणि दुसऱ्यालाही तेवढंच, पण तिसऱ्यात सगळ्यात पातळ पातीसुद्धा शिरेना. मेस्त्रींनी दोनदा क्रँक फिरवून खात्री केली, कारण त्यांना वाटलं आपण टीडीसीला नाही. होतो. मग म्हणाले, "हा तर गरम झाल्यावर मिटतच नसणार." सगळे ०.१५ ला आणले. कॉम्प्रेशन गेज नाहीये, पण हाताने क्रँक फिरवताना तिसऱ्याचा दाब आधी अगदी मऊ लागत होता, आता बाकीच्या दोघांसारखा लागतो. म्हणजे व्हॉल्व्ह अजून जळलेला नसावा अशी आशा आहे. वहीत सगळं लिहिलं.

रेडिएटर उतरवला. बाहेरच्या जाळीत कोकोपीटचा भुसा आणि माती थापून बसली होती, आमच्याच मालाची. उलट्या बाजूने पाणी मारल्यावर तांबडा गाळ आतूनही आला. बोअरचं पाणी घालत होतो, ते बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घातलं. कॅपचं रबर चपटं झालेलं, नवी कॅप घेतली. थर्मोस्टॅटची पातेल्यात परीक्षा घेऊन बसवला. मेस्त्री स्वतः थर्मामीटर धरून बसले होते.

घाटात आता काटा मध्याच्या थोडा वर जातो आणि तिथे थांबतो. पिकअप सुधारला. पण अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, सपाट रस्त्याला, गाडी अजून जड वाटते आणि पेट्रोल म्हणावं तेवढं कमी झालेलं नाही. पूर्ण दाबला की पळते.

मृण्मयी_स

वा! तिसऱ्याच्या एक्झॉस्टवर लक्ष ठेवा. थोडं चालवून परत मोजा. पुन्हा कमी झाला तर हेड उतरवण्याची तयारी.

कुर्ला_ते_कराड

मेस्त्रींच्या हातात गेज दिलात हे फार बरं केलंत.

ट्रॅक्स_तात्या

कॅप बदलली ते उत्तम. लोक कॅप विसरतात. दाब टिकला तरच पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गेलेली कॅप असली की सगळं नवं असूनही घाटात वाफ.

निदेशक_आयटीआय

फलटणकर, मूळ प्रश्नाकडे: तुमच्या मेस्त्रींना तिसऱ्या सिलिंडरवर आधी शंका आली ती टीडीसीची, आणि ती त्यांनी तपासली. त्या माणसाच्या हाती पुस्तक बिनधास्त द्या. पाती, टॉर्क, क्रम, वायरिंग यांत पुस्तक धरा. कोणता भाग आधी उघडायचा आणि गंजलेला बोल्ट न तोडता कसा काढायचा हे त्यांच्यावर सोपवा. आणि सर्व्हिसचं वेळापत्रक वाचताना खडतर वापराचा तक्ता आहे तो घ्या. मातीचे रस्ते, ओझं, थांबत-थांबत वाटप, तुमचा वापर त्यातच बसतो. एअर फिल्टर आणि ऑइल त्या हिशोबाने लवकर बदला.

आता उरलेल्या तक्रारीबद्दल. अर्ध्या थ्रॉटलवर जड आणि पूर्ण थ्रॉटलवर ठीक, हे ऐकून मी डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सकडे जाईन. हलक्या थ्रॉटलला ठिणगी लवकर पाडायचं काम तो करतो. डायफ्राम फाटला की ठिणगी उशिरा पडते, पेट्रोल वाया जातं, आणि जास्तीची उष्णता एक्झॉस्टकडे जाते.

मिरजेचा_मेस्त्री

बरोबर. तपासायला मशीन नको. डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर काढा, व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडच्या टोकाला सोडवा, फुंकर मारून स्वच्छ करा आणि तोंडाने ओढा. आतली प्लेट सरकताना दिसली पाहिजे. ओढून जीभ लावून धरा, प्लेट तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्राम किंवा नळी गेली. हललीच नाही तर प्लेट गंजून अडकली असेल, ते आधी बघा, उगाच नवा डायफ्राम घेऊ नका.

रोपवाटिका_फलटण

केलं. प्लेट सरकते, पण थांबत नाही, लगेच परत येते. नळी वेगळी ओढून बघितली, ती शाबूत आहे.

मिरजेचा_मेस्त्री

मग डायफ्रामच. डिस्ट्रिब्युटरवर कुठल्या कंपनीचा शिक्का आहे तो फोटो टाका, दोन-तीन प्रकार येतात आणि दांडीची लांबी वेगळी असते. पार्ट्स कॅटलॉग असेल तर पाच-पाच आकडी नंबर बघून दुकानात तोच सांगा. बसवल्यावर स्ट्रोब लाइटने टायमिंग परत लावून घ्या, आणि ते लावताना व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करायचं की लावूनच ठेवायची, हे तुमच्या पुस्तकात जसं दिलंय तसंच करा.